कुलपाआडच्या कपाशीचा शोध

माझे मामा वडीगोद्रीजवळच्या शेतात कपाशीचे नवे वाण तयार करायचे. कोणत्या नराचा कोणत्या मादीशी संकर केला, हे बियाण्याच्या धंद्यात जिवापाड जपायचं गुपित. मामांनी ते कागदावरही उतरवलं नव्हतं, सगळं डोक्यात. पण आदल्या साली एक जोडी ते साफ विसरले आणि अख्खा हंगाम वाया गेला. तेव्हापासून माणूस हादरला होता.

मी कॉम्प्युटर शिकून नुकतीच घरी आले होते, डोक्यात भलती हवा. 'क्लाउड' हा शब्द तेव्हा नवा नवा कानावर येत होता. म्हटलं, "मामा, पुण्यात माझा एक मित्र कॉम्प्युटरवर भाड्यानं जागा देतो. तुमच्या जोड्या तिथं ठेवू. कुलूप लावून."

"दुसऱ्याच्या घरात? आन् मला एखादी शोधायची आसली मंग? त्यानं कुलूप काढल्याबिगर कशी सापडंल?"

नेमकी हीच तर गंमत होती! मी घाईघाईनं सांगू लागले. आपल्या किल्लीनं प्रत्येक नावाचा एक शिक्का बनवायचा, कुणाला वाचता न येणाऱ्या अक्षरांचा. तिकडं नाव जातच नाही, शिक्का जातो. शोधायचं झालं तरी शिक्काच पाठवायचा; तिकडचा कॉम्प्युटर शिक्क्याला शिक्का जुळवून त्या जोडीची कुलूपबंद ओळ परत धाडतो. उघडायची इथं, घरी.

"कर. पण तुझ्या पुण्याच्या दोस्तानं एक गोष्ट जरी ओळखली, तर सगळं पुसायचं. बिलकुल."

मामांनी दोन बोटांनी जोड्या भरल्या, मलाही बघू दिल्या नाहीत. संध्याकाळी मित्राचा फोन आला. "वाचता काहीच येत नाही गं. फक्त एक शिक्का निम्म्या ओळींत दिसतोय."

शेजारी बसलेल्या मामांचा चेहरा उतरला. एकच नर निम्म्या जोड्यांत वापरलाय, हे धंद्यातल्या कुणीही त्यावरून ताडलं असतं. "पूस," ते म्हणाले.

पुसलं. पण मी हट्टाला पेटले. जेवताना, झोपताना तेच. अंबडच्या एसटीत उभी असताना एकदम सुचलं: शिक्क्यात दर ओळीला वेगळी भेसळ करायची! एकच नाव दर ओळीत निराळं दिसेल. जुळवायची खूण आपण शोधू तेव्हाच पाठवायची, तीही मादीच्याच नावाची. नर कधी शोधायचाच नाही, म्हणजे तो किती ओळींत आहे ते तिकडं कळायचंच नाही. मी बसमध्येच "जमलं!" म्हणून ओरडले. कंडक्टरनं घंटीच मारली.

मामांनी जोड्या पुन्हा भरल्या. या वेळी मित्र हरला. "सगळंच वेगवेगळं, काय कपाळ ओळखू?"

मामांनी एका मादीचं नाव टाकलं. क्षणभर काहीच नाही. मग ओळ आली, उघडली. "आली! आली की गं!" मामा खुर्चीतून उठलेच. मी तर आनंदानं नाचायचीच बाकी होते.

"जल्दी ये इकडं. बघ."

मी बिचकत पुढं झाले. पडद्यावर त्या नराचं नाव होतं. साऱ्या जगापासून ते लपवायला मी जिवाचं रान केलं होतं आणि आज पहिल्यांदा वाचत होते.

"पाठ कर," मामा म्हणाले. "मी आता इसरून राह्यलो."