अंतरपाटामागचे चेहरे

आष्टीचे फोटोग्राफर तातेराव नव्या डिजिटल कॅमेऱ्यालाही आपली जुनी, हाताने फोकस करायची लेन्सच लावायचे. बेबीनंदाच्या लग्नात त्यांनी अंतरपाटाच्या अलीकडच्या काठावर फोकस धरून ठेवला. अंतरपाट दूर झाला, त्यांनी बटण दाबलं. लेन्सची रिंग फिरवून फोकस चेहऱ्यांवर न्यायचा राहून गेला. कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर सगळं ठीक वाटलं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मात्र दोन्ही चेहरे धूसर होते.

नवरीची आई गोजरबाई फोटो न्यायला आली, तेव्हा त्यांनी मान खाली घालून तो दाखवला. "चुकलं माझं, वहिनी. हट्टानं जुनी लेन्स लावली."

ती बघत राहिली. "आवो भाऊ, तवा मी रडून राह्यले होते. मला बी असंच दिसलं. हाच मोठा करा."

तातेरावांनी तो मोठा केला, काचेत बसवला. मागे दुकानाचा शिक्का मारायला मात्र त्यांचा हात धजावला नाही.