काकाजींची उजवी बाजू

बातमी आली तेव्हा मी कुम्हारीला रस्त्याच्या कडेला मोटरसायकल लावून तोंडाला गमछा बांधत होतो. भिलाईहून रोज रायपूरला जाणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला मे महिन्यात त्याशिवाय इलाज नाही. फोन भिलाईतल्याच कोहक्याहून, काकाजींच्या शेजाऱ्यांचा होता. "भैया, ऑफिस रहने दो, सीधे घर आ जाओ... चाचाजी नहीं रहे." सकाळचा चहा घेता घेता ते खुर्चीतच गेले होते. मी गाडी परत फिरवली. थोडं अंतर गेल्यावर मनात आलं, आज चेहऱ्याला सनस्क्रीन लावायचं राहिलं, काकाजी दारातच अडवतील. आणि मग... आता कोणी अडवणार नाही, हे त्या रस्त्यावर पहिल्यांदा नीट कळलं.

मधुकरकाकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमचं घराणं मूळचं गोंदियाकडचं, पण काकाजींचं सारं आयुष्य भिलाईत, स्टील प्लांटमध्ये मालगाडीचं इंजिन चालवण्यात गेलं. वॅगन नीट लागतात की नाही हे पाहायला त्यांना डोकं सतत उजव्या खिडकीतून बाहेर काढावं लागे. नोकरीभर ऊन खाल्लं ते त्याच बाजूने. त्यामुळे डावीकडून पाहिलं तर काकाजी चांगले पन्नाशीचे गृहस्थ दिसत, आणि उजवीकडून त्यांचे वडील. आम्हाला सवय झाली होती, त्यामुळे कुणाच्या ते लक्षातही येत नसे.

लक्षात आणून दिलं गोंदियाच्या एका लग्नात. पंगतीत काकू नेमकी त्यांच्या उजव्या हाताला बसली होती. त्याच बाजूने वाढत आलेल्या कुणा बाईने प्रेमाने विचारलं, "बाबांना गोड चालते ना? तुमचेच बाबा ना हे?" काकूने पानावरून नजर न उचलता सांगितलं, "माहे नाही बाई, माह्या पोराचे बाबा आहेत." सगळी पंगत हसली. परतीच्या गाडीत काकूने तो किस्सा समोरच्या बाकावरच्या अनोळखी लोकांना सांगितला, भिलाईत आल्यावर गल्लीला सांगितला, आणि दर वेळी त्या बाईचा आवाज अधिकच गोड होत गेला. काकाजीही हसत होते. निदान आम्हाला तसं वाटलं.

नंतर काही आठवड्यांनी काकूने मला बोलावून घेतलं. दार लोटलं, पंखा मोठा केला आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबू, तुया काकाजीचं काहीतरी चालू आहे." मी म्हटलं, काय चालू असणार? तिने पलंगाखालून काकाजींच्या जुन्या सेफ्टी शूजचा जोड ओढला आणि एका बुटातून क्रीमची ट्यूब काढली. "माणूस जन्मभर मोहरीचं कडू तेल लावत आला. आता दाढी करून हे लावते, अन् तेही माह्यापासून लपून. बुधवारी संध्याकाळी कुठंतरी जाते. इचारलं तं म्हणते, दोस्ताकडं. कावून रे? या वयात कोनासाठी लावून राहिले?" ती रागावलेली नव्हती, हे मला जास्त अवघड वाटलं. ती घाबरली होती.

त्या बुधवारी मी काकाजींच्या स्कूटरमागे गेलो. वैशाली नगरात एका इमारतीपाशी ते थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि जिना चढले. वर गेलो तर तो त्वचारोगतज्ज्ञाचा दवाखाना निघाला. मुरुमं झालेल्या कॉलेजच्या पोरींच्या रांगेत काकाजी हातात टोपी घेऊन बसले होते. मला मागे फिरायला वेळच मिळाला नाही.

"तू इथं कसा? तुले का झालं?"

"खाज," मी म्हणालो. तोंडात तेच आलं.

काकाजींना मनापासून काळजी वाटली. आपला नंबर आल्यावर ते मलाही ओढत आत घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ, मान, बोटांच्या बेचक्या सगळं तपासलं, खाज कुठे आहे ते दोघांनाही सांगता येईना, आणि शेवटी त्या म्हणाल्या, एवढा उन्हात गाडीने फिरता, तुम्हीही सनस्क्रीन लावा. त्यांनी काकाजींना समजावलेलं मलाही समजावलं. उन्हाने कातडी लवकर म्हातारी होते. झालेलं सगळं भरून येत नाही, पण पुढचं पुष्कळ थांबवता येतं. फक्त रोज लावायचं, ढग असले तरी, खिडकीपाशी बसलं तरी.

खाली आल्यावर मी स्पष्टच विचारलं. काकाजींनी टोपी डोक्यावर घातली, स्कूटरला किल्ली लावली. मग म्हणाले, "त्या लग्नात सारे हासले, मीबी हासलो. पण रात्रभर वाटून राहिलं... तुयी काकू पुढं माह्यासंगं लग्नाकार्यात येईल तं लोक रोज हेच इचारतीन. जवान दिसून मले का करायचं आहे? तिचा नवरा दिसलो म्हंजे झालं." आणि लगेच, "तिले सांगू नको हं."

मी तासाभरात काकूला सांगितलं. तिने सगळं ऐकलं, डोळे पुसले, "येडा माणूस," म्हणाली आणि ट्यूब बुटातून काढून मोरीतल्या फळीवर, मंजनाच्या डब्याशेजारी ठेवली. काकाजींनी दुसऱ्या दिवशी ती तिथेच पाहिली. दाढी करून तिथेच उभ्याने लावली आणि परत फळीवरच ठेवली, असं काकू सांगते.

पुढे लपवाछपवी संपली आणि प्रचार सुरू झाला. प्लांटच्या माणसाला हेल्मेट आणि बूट जसे, तसं काकाजींना ते क्रीम. दोन बोटं भरून घ्यायचं, कान आणि मान विसरायची नाही. त्यांच्या सावळ्या रंगावर त्याची पांढरट राख दिसे, आणि भाजीबाजारातले लोक विचारत, "का होगे कका, पुताई चलत हे का?" ही घराची रंगसफेदी नाही, ऊन अडवणारं क्रीम आहे, हे काकाजी थांबून त्यांनाही समजावून सांगत. रिटायरमेंटच्या दिवशी दोस्तांनी त्यांना हार घालून उघड्या जीपमधून मिरवत आणलं. ऊन होतं म्हणून त्यांनी दुप्पट क्रीम लावलेलं, आणि गुलाल त्यावर असा बसला की दोन दिवस ते बिटासारखे दिसत होते. उजवी बाजू डावीला काही गाठू शकली नाही. पण ती होती तिथे थांबली, आणि मधल्या वर्षांत डावी हळूहळू तिच्याजवळ आली. शेवटी शेवटी चेहरा एकच वाटायचा.

त्यांचा मुलगा प्रशांत रात्री पुण्याहून पोहोचला. दुसऱ्या दिवशी निघायला अकरा वाजले, आणि अंगणात नजर ठरत नव्हती. आंघोळ झाली, नवं कापड झालं, आम्ही उचलायला वाकलो तेवढ्यात काकू म्हणाली, "थांबा." आत जाऊन तिने ट्यूब आणली. कपाळावर एक ठिपका, नाकावर एक, दोन्ही गालांवर एकेक, आणि मग सावकाश पसरवलं. कानांनाही लावलं. एक म्हातारे शेजारी दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, आता कायले?"

"बाहीर ऊन आहे," काकू म्हणाली.

प्रशांतला आधी हसू आलं, मग रडू. माझंही तेच झालं, आणि खांदा देताना मला मान खाली घालून चालावं लागलं.

गेल्या रविवारी काकूला बँकेत न्यायला कोहक्याला गेलो होतो. निघताना मी दाराजवळचा पंख्याचा खटका बंद करायला हात पुढे केला. "राहू दे, मी करतो," म्हणत तिने मला बाजूला केलं. काकाजी क्रीम चोळत चोळतच घराबाहेर पडत, आणि जाताना त्याच बोटाने पंखा बंद करत. काळ्या खटक्यावर त्या बोटाचा पांढरट ठसा अजून आहे. काकूने नखाच्या टोकाने, अगदी कडेला दाबून, पंखा बंद केला आणि पायात चपला घातल्या.