कॉम्प्युटरच्या पोटातल्या अक्षता

आमचा कॉम्प्युटर म्हणजे पडदा आणि मशीन सगळं एकातच असलेला, वय झालेला गडी. लोणावळ्यातलं एक हॉटेल बंद झालं, तेव्हा त्यांच्या काउंटरवरचा हा मी उचलून आणला. त्याच्यावर मी चिक्कीच्या खोक्यांची लेबलं करते, लग्नपत्रिका करते, कोणी सांगितलंच तर मेनूकार्डंही. गेल्या वर्षभरात तो इतका मंदावला की बटण दाबून मी कुकर लावायचे, भाजी फोडणीला टाकायचे आणि परत यावं तर पडद्यावरचा गोल आपला फिरतोच आहे. मी मुळातच तापट. त्या गोलाला मी रोज जे बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, त्याच्याशी माझ्यापेक्षा बऱ्या वागायच्या. मामंजी गेल्यावर नवलाख उंबरे या गावातल्या घरात त्या एकट्याच उरल्या, म्हणून आम्ही त्यांना इकडे आणलं. आल्या, पण राहायला आलो असं त्यांनी मानलंच नाही. आठवड्यातून एकदा तरी "म्या आता गावाला जाते" हे ठरलेलं. भांड्यांना मी हात लावू देत नव्हते, स्वयंपाक मला माझ्याच हातचा लागतो, आणि त्यांचा मुलगा कंपनीतून यायचा तो जेवून झोपायला. करायला काही नाही हे त्यांना आतून खात होतं, मला दिसत होतं. पण तिकडे त्या घरात त्यांच्याशी दोन शब्द बोलायलाही कोणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांची सवय लागली होती. दुपारचा चहा पुन्हा एकटीनं प्यायचा, या विचारानंच मला कसंतरी व्हायचं.

एक काम मात्र त्यांनी न विचारता स्वतःकडे घेतलं होतं. सकाळी देवपूजा झाली की तबक घेऊन त्या कॉम्प्युटरपाशी यायच्या, फडक्यानं त्याला पुसायच्या, हळद-कुंकू लावायच्या, वरून अक्षता टाकायच्या आणि हात जोडायच्या. "ह्याच्यावर तुजं काम चालतं, मंग ह्यो बी देवच की," म्हणायच्या. टेबलावर सांडलेले तांदूळ मी झाडून घ्यायचे आणि कामाला बसायचे.

शेवटी मी एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची डिस्क, आणली. जुन्या हार्डडिस्कमध्ये एक तबकडी फिरत असते, ती थकली होती. नवीनमध्ये फिरायचं काही नसतंच, म्हणून ती चपळ. केबल लावून जुनीवरचं सगळं नवीनवर उतरवून घेतलं, मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिले, आणि एका दुपारी वायर काढून, गोधडी पसरून कॉम्प्युटर तिच्यावर पालथा घातला. आत्याबाई स्क्रूंसाठी वाटी धरून शेजारी बसल्या.

मागचं झाकण निघालं आणि गोधडीवर लाल तांदूळ घरंगळले. गरम हवा बाहेर जायला वरच्या कडेला बारीक फटींची जाळी असते. रोजच्या अक्षता तिच्यातून आत पडत होत्या आणि मला पत्ताच नव्हता. तळाशी चांगला थर साचला होता, धूळ आणि कुंकवासकट.

मला हसू फुटणार तेवढ्यात त्यांच्याकडे नजर गेली. चेहरा पार उतरला होता.

"म्याच बिघडवला व्हय गं ह्यो?"

"नाही हो आत्याबाई. त्याची डिस्क जुनी झालीय. तांदळानं काही झालेलं नाही."

"मला बरं वाटावं म्हनून बोलतीस तू. येवडे तांदूळ पोटात गेल्यावर कसा चालंल त्यो?"

वाटी खाली ठेवून त्या उठल्या. आतल्या खोलीतून पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. "सांजच्या एश्टीनं जाते. हितं र्‍हाऊन तुजं नुकसानच करतीया म्या." हे दर आठवड्याचं जाणं नव्हतं, आवाजावरूनच कळत होतं.

मी ब्रशनं सगळे तांदूळ झाडले, अडकलेले बोटांनी वेचले. नवीन डिस्क हातात घेतली आणि थांबले. ती बसवली असती तर कॉम्प्युटर पळाला असता, आणि तांदूळ काढले म्हणून पळाला हे त्यांच्या मनात कायमचं बसलं असतं. मग मी हजार वेळा सांगून उपयोग नव्हता. मला राग आला, कोणाचा ते देव जाणे. नवीन डिस्क बाजूला ठेवली, जुनीच परत बसवली, झाकण लावलं, सगळे स्क्रू आवळले, त्याला टेबलावर उभा केला आणि ओरडले, "आत्याबाई, इकडे या! जायचं तर जा, पण आधी हे बघा."

त्या पिशवी घेऊनच आल्या.

"आत एक दाणा ठेवलेला नाही. डिस्क तीच जुनी आहे. आता बघू हा पळतो का."

बटण दाबलं. गोल फिरायला लागला. आत्याबाई आधी उभ्याच होत्या, मग खुर्चीच्या कडेवर टेकल्या. मी चहा करून आणला. तो पिऊन झाला तरी गोल फिरतच होता.

"अजून न्हाई?"

"अजून नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मला त्या मंदपणाचं कौतुक वाटलं. बऱ्याच वेळानं त्या हळूच म्हणाल्या, "मंग तांदळाचं न्हाई ह्ये."

"तेच तर कधीची सांगतेय!"

मग पुन्हा गोधडी, पुन्हा वाटी, पुन्हा तेच स्क्रू. या वेळी नवीन डिस्क बसवली. बटण दाबलं आणि मी खुर्ची ओढून बसेपर्यंत पडदा उजळून तयार. आत्याबाई त्याच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"नवी हातात हुती, तर जुनी परत कशाला बशिवलीस? येवडा कुटाना कशापायी?"

"सांगून तुम्हाला पटलं असतं का?" मी म्हटलं. आणि रागावल्यासारखंच बोलता येतं मला, म्हणून तसंच पुढे बोलले, "तुम्ही गेलात तर मला करमणार नाही. तिकडे कोण आहे तुमचं? इथे मी आहे."

 त्यांनी वाटी उचलली, धुतली आणि जागेवर ठेवली. संध्याकाळची एसटी कधी गेली ते आम्हाला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून कपाट उघडलं, तर माझ्या साड्या एका बाजूला रेटलेल्या आणि उरलेल्या फळीवर त्यांची लुगडी नीट घडी घालून लावलेली. मला विचारलंसुद्धा नव्हतं. माझ्या कपाटाला कोणी हात लावला की मी घर डोक्यावर घेते. त्या दिवशी मी माझ्या साड्या आणखी थोड्या सरकवल्या.