अँटिक बडगी

मेहरूणला आमच्या पुढच्या खोलीत दुपारी चार वाजता मी बायकांना इंग्रजी बोलायला शिकवते. सात-आठ जणी येतात. इंग्रजी बेताचंच होतं, हसणं मात्र भरपूर होतं.

त्या दिवशी जुन्या गोष्टींची विशेषणं काढली होती. अँटिक म्हणजे इतकं जुनं की वापरायचं नाही, नुसतं जपायचं. व्हिंटेज म्हणजे जुनं, पण रुबाबदार. आउटडेटेड म्हणजे जुनं आणि कुणालाच नको असलेलं. उदाहरणं द्या म्हटलं, तर एकजात सगळ्यांनी आपापले नवरे काढले. शिवणकाम करणारी एक म्हणाली, "माझा व्हिंटेज आहे मॅडम, तेलपाणी केलं की चालतो." दुसरी म्हणाली, "आमचे आउटडेटेड. पण बदलून कुठे मिळतात?" हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या भरात मी माझ्या नवऱ्याला क्लासिक म्हणून टाकलं आणि त्याची आई समोरच बसली आहे हे साफ विसरले.

त्या म्हणजे आमच्या अक्का, माझ्या सासूबाई. माहेर सोनगीरचं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून घराबाहेर पडत नाहीत. कोपऱ्यातल्या खुर्चीवर गवार मोडत बसतात. क्लासला नाव नाही, पण एक तास चुकवत नाहीत. लेकाचं क्लासिक होणं त्यांनी ऐकून सोडून दिलं आणि विचारलं, "रेट्रो म्हंजे काय वं?"

"आज केलेलं, पण जुन्याचा आव आणलेलं."

"म्हंजे सोंग शे," अक्का म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली.

हे सगळं डोक्यात गरगरत असताना संध्याकाळी पुण्याहून धाकट्या जावेचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या मागे भिंतीला आमची बडगी टेकवलेली होती. बडगी म्हणजे भाजलेली वांगी मुसळाने ठेचून भरीत करायची लाकडी द्रोणी. अक्कांच्या लग्नात ती सोनगीरहून आली. जाऊ किंचाळलीच, "ताई, केवढी अँटिक! मला द्या ना. हॉलमध्ये ठेवते, त्यात मनीप्लांट लावते." फळ्यावरचाच शब्द समोरून आला म्हणून मी अशी काही हुरळले की पटकन बोलून गेले, "घेऊन जा की." अक्कांना विचारलंच नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आता आमच्या गल्लीचा रिवाज सांगते. थंडी पडली की भरिताची वांगी येतात, ती भाजायला शेतातून कपाशीच्या वाळक्या काड्या येतात आणि बडगीचे पाय घरात ठरत नाहीत. ज्याच्याकडे भरीत, तो ती घेऊन जातो. पण रिकामी परत आणायची नाही. तळाला वाटीभर भरीत ठेवूनच आणायची. आणणारा अक्कांजवळ टेकतो, अक्का चाखतात, मीठ कमी की मिरची जास्त ते सांगतात, आणि कुणाची सून रुसली, कुणाचा लेक पास झाला, सगळं त्यांना बसल्या जागी कळतं. अक्का गल्लीत जात नाहीत, बडगीमुळे गल्ली अक्कांकडे येते. हे मला माहीत होतं आणि तरी मी ती मनीप्लांटला देऊन बसले. रात्रभर स्वतःचाच राग येत होता. सांगायची हिंमत मात्र झाली नाही.

नाताळच्या सुट्टीत जाऊ आली ती फुग्याफुग्यांचा प्लॅस्टिक कागद घेऊनच. बडगीला तो गुंडाळायला लागली तेव्हा अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून सगळं कबूल केलं.

अक्का चिडल्या नाहीत. त्यांनी जावेला विचारलं, "काय म्हनस तू हिले?"

"अँटिक, अक्का. फार मौल्यवान असतं ते."

अक्का खुर्चीत सरळ बसल्या, पदर नीट केला आणि आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य बोलल्या. "धिस नॉट अँटिक. धिस बिझी."

क्रियापद राहिलं होतं. मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

जावेचा चेहरा उतरला. तो बघून अक्काच विरघळल्या. "बठ्ठी गल्ली लई जास, तू बी लई जाय," त्या म्हणाल्या, म्हणजे सगळी गल्ली नेते तशी तूही ने. "पन रिकामी आनू नको."

बडगी पुण्याला गेली. त्या दिवसांत गल्लीतल्या बायका दारात येऊन "आली का?" विचारत आणि तशाच परत जात. अक्का गवार मोडायच्या, पण कान दाराकडे.

संक्रांतीच्या आधी गाडी दारात थांबली. मागच्या सीटवर बडगी, तिला चक्क सीटबेल्ट लावलेला, वर ताट झाकलेलं. आत भरीत. पहाटे उठून केलं म्हणे. मुसळ नव्हतं म्हणून लाटण्याने ठेचलं आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. बातमी लागली तशी आमची गल्लीही गोळा झाली. अक्कांनी बोटावर घेऊन चाखलं, डोळे मिटले.

"वांगं गॅसवर भाजं का?"

"हो अक्का."

"हाई भरीत रेट्रो शे."

माझा अख्खा क्लास उंबऱ्यात लोळायचा बाकी होता. जाऊ आधी गोंधळली, मग मी अक्कांचा अर्थ सांगितल्यावर सगळ्यांत जास्त तीच हसली. अक्कांनी तोवर दुसरा घास घेतला होता, मग तिसरा.

परत जाताना जावेच्या गाडीच्या डिकीत कपाशीच्या काड्यांची मोळी होती. फ्लॅटच्या गॅलरीत ती पेटवणार कशी, देव जाणे. बडगी काही तिला निरोप द्यायला घरात नव्हती, ती केव्हाच शेजारी गेली होती.