बांगडी उमटवलेला धपाटा

भुताखेतांवर, शकुनांवर, 'मागे कुणीतरी उभं आहे' असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. नसायला कारण आहे. 'घरातील नकारात्मक ऊर्जा ओळखण्याची नऊ लक्षणे' हा लेख तुमच्याही मोबाईलवर कधीतरी आला असेल. तो माझा. नऊच्या नऊ लक्षणं मी मेथी निवडता निवडता तयार केली होती. त्यातलं 'दूध वारंवार उतू जाणे' हे तर आमच्याच घरातलं. दूध का उतू जायचं? कारण मी गॅसपाशी उभी राहून लेख टाईप करत असायचे.

तर अशा बाईला हा अनुभव आला. जसा आला तसा सांगते, काय ते तुम्ही ठरवा.

आम्ही नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्याला राहतो. आमचे 'हे' कॉलेजात फिजिक्स शिकवतात. एकुलती एक मुलगी गार्गी. आमच्याकडे दहावीला बरे मार्क पडले की लेकरू लातूरला क्लासला पाठवतात. का, असं कुणी विचारत नाही. गार्गीने विचारलं. तिला चित्रं काढायची होती. मी म्हटलं, डॉक्टर हो आणि मग काढ. ती गेली, पण बसमध्ये बसताना 'येते' सुद्धा म्हणाली नाही. नंतर फोन मीच करायचा आणि 'हं', 'जेवले', 'ठेवते' एवढं ऐकायचं.

रिकाम्या घरात करमेना म्हणून मी एका वेबसाईटवर लिहायला लागले. लेख जितका वाचला जाईल तितके पैसे. गुडघेदुखी, केसगळती, मांजर आजारी असल्याची लक्षणं... मांजर दिसलं तर मी खुर्चीवर चढते, पण ते वाचकांना कुठे दिसतं? हे रोज संध्याकाळी विचारायचे, "डॉक्टरीणबाई, आज कुठला अवयव?"

पुण्याहून साईटचा एक तरुण संपादक फोन करायचा. "मॅडम, रेसिपीला पर्सनल टच द्या. वरती एक आठवण टाका. लोक आठवणीसाठी थांबतात." आता माझ्या एकुलत्या एका आत्याला चहासुद्धा धड जमायचा नाही. तिच्या आठवणीवर कोण थांबणार? म्हणून मी नातेवाईक बनवायला लागले. चटणीसाठी सोलापूरची मावशी, लोणच्यासाठी परभणीची काकी. हे म्हणायचे, "तुझं माहेर आता रेशनकार्डात मावायचं नाही."

एके दुपारी धपाट्यांची पाळी आली. मी एक आत्या काढली, औशाकडची. औसाच का, तर लातूरच्या स्टँडवर त्या गावाची पाटी असलेली बस पाहिली होती, बस्स. एरवी आठवण रचायला मला तासभर लागतो. त्या दिवशी मी कुकर लावला आणि त्याची वाफ जिरायच्या आत लेख पुरा झाला. असं मी लिहिलं: आत्या ओल्या फडक्यावर धपाटे थापायची. शेवटच्या धपाट्यावर हातातली एक बांगडी काढून, दाबून तिची गोल खूण उमटवायची. तो घराबाहेर असलेल्या माणसाचा, दुसऱ्या कुणी खायचा नाही. एकदा तिची पोरगी भांडून, रुसून पाहुण्यांकडे निघून गेली. त्या संध्याकाळीही आत्याने तिच्या नावाचा धपाटा केला, फडक्यात बांधून खुंटीला अडकवला आणि म्हणाली, "येईल सकाळी."

लेख पाठवला आणि विसरले. खाली एकाने लिहिलं होतं की तिखट किती घालायचं ते सांगितलंच नाही. बरोबर होतं त्याचं.

आठवड्याने गार्गीचा फोन आला, स्वतःहून. मी आधी घाबरलेच.

"आई, तू काय लिहून ठेवलंयस? मी मैत्रिणींना हसायला म्हणून दाखवलं, तर मेसच्या काकू ते घेऊन बसल्यात. रडून राहिल्यात. बोल त्यांच्याशी."

त्या म्हणजे सुमनताई. गार्गी त्यांच्याकडेच जेवायची. त्यांनी विचारलं, "ताई, तुमी औशाकडच्या का?"

"नाही हो, माझं माहेर नायगावचं."

"मग बांगडीचं तुमाला कुणी सांगितलं?"

मी हसून म्हटलं, "कुणी नाही. आम्ही लेखात असंच मनाने लिहितो."

पलीकडे पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "एकदा लातूरला या. गार्गीला बी बरं वाटंल."

रविवारी गेले. क्लासच्या गल्लीत वर बघावं तिकडे मार्क मिळवलेल्या पोरापोरींचे फोटो, आणि त्या सगळ्या हसऱ्या चेहऱ्यांच्या खाली सुमनताईंची मेस. दुपारची पंगत उठली होती. पस्तिशीच्या असतील, पदर खोचलेला, हात पिठाचे. गार्गीला बाजूला बसवून त्या माझ्यासमोर बसल्या.

"माझी आई तसंच करायची," त्या म्हणाल्या. "शेवटच्यावर बांगडी. आख्ख्या गावात दुसरं कुणी करत नव्हतं. बापू रानात असला तर बापूचा, मी शाळंत असले तर माझा."

"असेल हो. योगायोग असतात."

"ऐका तर. मी लहान होते. गणपती विसर्जनाची मिरवणूक बघायला मामासंगं लातूरला यायचं होतं. आई नको म्हणली. मी लई भांडले, आदळआपट केली, अन् आलेच मामाच्या मागं. येताना आई दारातून वरडली, जा, आता तिकडंच ऱ्हा. त्याच रात्री भूकंप झाला. किल्लारीचा. आमच्या घराचा चौकटीचा दगड बी जागंवर न्हाई ऱ्हायला. आई, बापू, धाकटा... कुणीच न्हाई. मी इथंच ऱ्हायले, ती म्हणली तशी."

गार्गी एकटक त्यांच्याकडे बघत होती.

"मला एवढंच कळंना, ताई. इतकी वर्षं. त्या संध्याकाळी तिनं माझ्या नावाचा केला होता का न्हाई? का रागातच निजली?"

आता बघा माझी अवस्था. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जगात कुणी उरलं नव्हतं, ते मी कुकरच्या वाफेत लिहून बसले होते. हो म्हटलं असतं तर त्या सुखावल्या असत्या. पण तोंडातून निघेना. म्हटलं, "सुमनताई, खरंच सांगते. ती आत्या मी बनवली. ती पोरगी बनवली. खुंटीसुद्धा बनवली."

"बनवली असंल की," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण बांगडी बी बनवलीच होती ना तुमी? ती खरी निघाली. मग खुंटीच तेवढी खोटी कशी?"

हे सोडवणारा फिजिक्सचा मास्तर घरी होता, नांदेडला.

मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कंच्या हातातली बांगडी?"

"उजव्या," मी म्हटलं. "थापायची डाव्या हाताने ना ती, मग त्याच हाताने उजव्यातली काढायची. डावरी होती."

बोलले आणि मग लक्षात आलं. हे मी लेखात लिहिलेलं नव्हतं. लिहिताना मनातही नव्हतं. त्या क्षणापर्यंत माझी आत्या डावरी आहे हे मलाच माहीत नव्हतं.

सुमनताईंनी पिठाचा हात तोंडावर धरला. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "केला म्हणायचा मग."

मी निघाले तेव्हा गार्गी स्टँडपर्यंत आली. गाडी लागली तेव्हा म्हणाली, "आई, मला अजूनही डॉक्टर व्हायचं नाहीये."

"माहितीय. दिवाळीला ये, बोलू आपण."

"येते," ती म्हणाली. जात मी होते, पण 'येते' ती म्हणाली.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी चष्मा पुसला आणि सोडवायला घेतलं. "अगं, पोरगी रुसून गेली ती तुझीच. तेच तू लिहिलंस. त्यात काय?" ते मलाही पटलं. "आणि बांगडी? डावा हात?" तर म्हणाले, भूकंपानंतर पेपरात काय काय छापून यायचं, त्यातलं कुठेतरी वाचलं असशील. असेलही. भूकंपाच्या वेळी मी कॉलेजात होते, नांदेडलाही मांडणीवरची भांडी वाजली होती. पण धपाट्यावरच्या बांगडीची बातमी कोण छापणार? नायगावला आईला विचारलं, आपल्यात असं कुणी करायचं का? ती म्हणाली, "आपल्यात धपाटे उरायचेच कुठं खूण करायला?"

मी कुतूहलाने प्रयोगही केला. शेंगोळ्यांच्या लेखात औशाचीच एक काकी घातली, मुद्दाम भरपूर तपशील घालून, आणि सुमनताईंना वाचून दाखवला. त्या खो-खो हसल्या. "न्हाई ओ ताई, असलं काही नव्हतं आमच्यात. ही तुमची काकी लई खोटी वाटती." म्हणजे बनवलेलं मला बनवलेलंच जमतं. ती एक दुपार सोडून.

साईट पुढे बंद पडली, लेखही गेला. गार्गी दिवाळीला आली ती सगळं सामान घेऊनच, आणि आता औरंगाबादला चित्रकला शिकते. ती इथे नसते तेव्हा धपाटे केले की शेवटच्यावर मी बांगडी दाबते. हे हसतात, पण त्या धपाट्याला हात लावत नाहीत.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. परवा मी धपाटे थापत होते आणि हे ओट्याशी चहाची वाट बघत उभे होते. चहा घेतला तरी हलेनात.

"काय झालं?"

"काही नाही," हे म्हणाले. "बाकीचे सगळे उजव्या हाताने थापलेस. शेवटचा डाव्याने. कधीपासून करतेस असं?"

मी हाताकडे बघितलं. धपाटा छान गोल झाला होता, कडा एकसारख्या. डाव्या हाताने मला साधा चमचाही नीट धरता येत नाही.

कधीपासून, ते मला खरंच माहीत नाही.