पापणीकडे पाहणाऱ्या बेन

बडोद्याच्या वाडी भागातल्या दातांच्या दवाखान्यातल्या मदतनीस बेन, म्हणजे गुजराती ताई, पेशंटच्या तोंडाकडे बघतच नाहीत. माझ्या दादाला स्नायू लवकर थकण्याचा आजार आहे. मागे दुसरीकडे तासभर तोंड उघडं ठेवलं, तर जबडा असा दुखला की आठवडाभर अख्खं बडोदे त्याच्यासाठी डाळीचं पाणी उकळत होतं!

इथे बेन त्याच्या हनुवटीखाली तळहात धरतात आणि नजर पापणीवर. पापणी केसभर झुकली की, "साहेब, थांबा! दादा, मिटा तोंड." डॉक्टर निमूट थांबतात. परवा सतरा वेळा थांबले. खोटं वाटलं तर सोळा धरा.

"बेन, जबडा थकल्याचं पापणीवरून कसं कळतं?" माझी अखंड बडबड चालूच होती.

"पापणी आधी चुगली करते, भाई. तुमचा जबडा मात्र थकतच नाही, त्याचं नवल!"

दादा खदखदून हसला. जबडा न धरता.