मामाने सांगितलेली सव्वीस कलमं

अण्णामामा विसरभोळा झाला नव्हता. मी खोटं बोलले होते.

काल संध्याकाळी मामा गेला. जामसंड्याच्या घरी जमलेले लोक म्हणत होते, "शेवटाक त्याका काय आठवत नाय होता."

मी तिथेच उभी होते.

शाळेआधीची माझी शाळा म्हणजे मामा. माझ्या हातात खोडरबर दिसला की काढून घ्यायचा.

"चुकला तर एक रेघ मार गो. खाली काय होता ता दिसाक होया."

तीन वर्षांपूर्वी मी आमच्या आंबा बागायतदारांसाठी वेब ॲप केलं. डेटाबेसमधल्या माहितीच्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे कोडमध्ये एक ऑब्जेक्ट. एक बागायतदार, त्याला जोडलेली त्याची आंब्याची कलमं.

कुठलं कलम आधी मोहरतं, कुठल्याच्या फळात साका धरून गर खराब होतो, सगळं मामा तोंडी सांगायचा. मी टाइप करायचे.

मग वर्षभराने शेजारचे बाबलीकाका वारले. त्यांच्या मुलाने ॲपमधून नाव काढायला सांगितलं. मी त्यांची ओळ डिलीट केली.

जोडणी करताना कोडमध्ये मीच लिहून ठेवलं होतं: मालकाची ओळ गेली की त्याला जोडलेलं सगळं जाईल.

त्यांच्या सव्वीस कलमांची माहिती. एक क्लिक. बॅकअप नव्हता.

मामाने मोबाईलवर पाहिलं.

"बाबलीची कलमां खंय गो?"

मी घाबरले. म्हणाले, "ती तू सांगितलीच नव्हतीस, मामा."

त्याने यादी परत वरपासून खाली सरकवली.

"नाय सांगलंय? सगळी मीच बांधलेली. कशी इसारलंय?"

मग त्याने परत सांगायला घेतली. एकोणीस आठवली. विसाव्याला अडला.

"म्हातारो झालंय गो बाय."

आणि मी मान डोलावली.

त्यानंतर काहीही सांगण्याआधी तो मामीला विचारायचा, "ह्या मी आदी सांगलंय काय?"

ॲप मी त्याच आठवड्यात बदललं. आता कुणाचीच ओळ डिलीट होत नाही, फक्त गेल्याची तारीख भरायची. कोडमधली चूक दुरुस्त केली. मामाला मात्र सांगितलं नाही. दोन वर्षं होती माझ्याकडे. प्रत्येक वेळी एसटीत ठरवायचे, आज सांगते. तो दारात विचारायचा, "जेवलंस?" आणि राहून जायचं.

आज सकाळी त्याच्या नावासमोर तारीख भरली. त्याची सगळी कलमं जागेवर आहेत.

बाबलीकाकांची एकोणीसच आहेत. उरलेली सात मी घालवली, त्याने नाही.

मामा, तू सव्वीसही सांगितली होतीस, तुला बरोबर आठवत होतं. हे इथे सगळ्यांसमोर लिहिलंय. खोडणार नाही.

नीट जा.